एल्फ आपल्या जगात आले की दर वेळी लोखंडच का आडवं येतं?

झोपमोड:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रात्री जागून एकाच जातीची पुस्तकं वाचतेय, म्हणजे एल्फ, फेअरी वगैरे मंडळी आपली हद्द सोडून माणसांच्या जगात घुसतात तसली, आणि आता डोक्याचा पार भुगा झालाय. आधीच सांगते, फेअरीला परी म्हणायचं मी सोडून दिलंय. परी म्हटलं की शाळेच्या गॅदरिंगमधली चंदेरी पंख लावलेली, हातात पुठ्ठ्याची कांडी घेतलेली पोरगी डोळ्यासमोर येते, आणि या पुस्तकांतले फेअरी म्हणजे उंच, देखणे, दगडाच्या काळजाचे लोक, तुमचं मूल उचलून नेतील आणि वर तोंड करून म्हणतील की उपकार केले तुमच्यावर.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे लोखंड. ज्या पुस्तकात बघावं तिथे घोड्याचा नाल, खिळा, कढई, काहीतरी लोखंडी पुढे केलं की हे गपगार. का पण? बरेच लेखक कारण द्यायच्या भानगडीतच पडत नाहीत, नियम म्हणजे नियम. कुणी धड कारण दिलंय का?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. हे लोक इकडे येतात कशाला? तिकडे म्हातारपण नाही, रात्र रात्र नाचगाणी, मेजवान्या, आणि इकडे काय तर चिखल, दातदुखी आणि घरपट्टी. कथेला व्हिलन हवा म्हणून लेखकाने बोलावलं आणि हे आले, असंच वाटत राहतं मला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निळीशाई:
लोखंडाचं लेखकांनी शोधलेलं नाहीये, ते लोककथेतून जसंच्या तसं उचललंय. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडात तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर कात्री नाहीतर चिमटा ठेवायचे, का तर फेअरी येऊन बाळ उचलतील आणि त्याच्या जागी आपलं किरकिरं, कितीही खाल्लं तरी अंगी न लागणारं पोर ठेवून जातील, त्यालाच चेंजलिंग म्हणतात. आणि हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही नवल वाटायचं कारण नाही, आमच्या आजीने माझ्या बहिणीच्या वेळी आईच्या उशाखाली विळा ठेवला होता, पाचवी पुजली त्या रात्री तर पाटाजवळ कोयताही होता. तिकडची कात्री, इकडचा विळा, काम एकच.

कारण म्हणाल तर मला सगळ्यात पटलेलं टेरी प्रॅचेटचं, १९९२ चं लॉर्ड्स अँड लेडीज. त्यात डोंगरावर दगडांचं एक रिंगण आहे, आत दोन जगांमधला पडदा पातळ झालाय, आणि ते दगड साधे नाहीत, त्यात लोखंड आहे, लोहचुंबकासारखं, म्हणजे ते देऊळ नसून कुंपण आहे. त्याच्या एल्फना चुंबकत्व कळतं, आपल्याला जसा डोळ्याने रस्ता दिसतो तसं त्यांना स्वतःची आणि आजूबाजूच्यांची जागा त्यातून समजते. लोखंड जवळ आलं की ती जाणीवच बिघडते, म्हणजे भर गर्दीत कुणी डोळ्यांवर पट्टी बांधावी तसं. जादूटोण्याचा नियम म्हणून न टाकता त्यांच्या शरीराचीच अडचण म्हणून दाखवलंय, म्हणून ते खरं वाटतं.

अलीकडे हॉली ब्लॅकने उलटं केलंय. तिचे फेअरी आपल्या जगालाच आयर्नसाइड म्हणतात, लोखंडाची बाजू! गाड्या, पूल, इमारती, सगळीकडे तेच, त्यामुळे शहरात यायचं म्हणजे त्यांना आजारी पडायचं. मला हे फार आवडलं, त्यांच्या नजरेतून आपली ओळख काय तर लोखंडवाले.

अर्धामुर्धा:
झोपमोडताई, दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. व्हिलन पाहिजे म्हणून येतात हे बऱ्याच पुस्तकांत खरं आहे, तिथे नाद सोडा. पण चांगल्या पुस्तकांत ते येतात कारण त्यांच्याकडे काहीतरी नाहीये आणि ते फक्त माणसाकडे मिळतं. जुनंच बघा, स्कॉटलंडचं टॅम लिनचं गाणं. फेअरींना दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी म्हणून द्यावा लागतो, आणि त्यांनी धरून नेलेल्या टॅम लिनला धास्ती की या खेपेला आपलाच नंबर. म्हणून तर त्याची प्रेयसी जॅनेट हॅलोवीनच्या रात्री वाट अडवून त्याला मिठीत धरून ठेवते, आणि फेअरी त्याला तिच्या हातात साप करतात, जनावर करतात, तापून लाल झालेली लोखंडाची सळईसुद्धा करतात. तुमचं लोखंड इथे फेअरीच वापरतात, बघा!

किंवा एमा बुलचं वॉर फॉर द ओक्स, १९८७ चं, मिनियापोलिस शहरात घडतं. फेअरींच्या दोन दरबारांची लढाई जुंपलीय, पण रणांगणावर एक मर्त्य माणूस हजर असल्याशिवाय तिथे कुणी खरोखर मरतच नाही. म्हणून एका बँडमधल्या गिटारवालीला धरून आणतात. म्हणजे मरण हीच वस्तू त्यांच्याकडे नाही आणि ती त्यांना उसनी घ्यावी लागते. मी हे वाचलं तेव्हा ट्रेनमध्ये होतो, उतरायचं स्टेशन गेलं.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सुझॅना क्लार्कचं, जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल, २००४. तिथे फेअरी घुसत नाही, त्याला बोलावणं जातं. एक तरुण मुलगी मेलेली, १९ वर्षांची, तिला उठवायचं म्हणून नॉरेल नावाचा जादूगार त्याला बोलावतो आणि किंमत ठरते, तिच्या उरलेल्या आयुष्यातलं अर्धं. नॉरेल आपला शहाणपणा करून हिशोब मांडतो, ती ९४ पर्यंत जगेल असं धरू, म्हणजे ७५ वर्षं झाली, त्यातली अर्धी तुझी. त्याला वाटतं शेवटची अर्धी. फेअरी खूण म्हणून तिची करंगळी घेऊन जातो आणि रोजच्या रात्री घेतो. दिवसभर ती लंडनमध्ये दमून पडलेली आणि रात्र झाली की त्याच्या पडक्या वाड्यात नाच, सकाळपर्यंत, रोज. कुणाला सांगायला तोंड उघडलं तर तिच्या तोंडून भलतीच असंबद्ध गोष्ट बाहेर पडते. आणि गंमत म्हणजे त्या फेअरीला आपण काही वाईट केलं असं वाटतच नाही, करारात अर्धं आयुष्य होतं, अर्धं घेतलं.

सातबारा:
कराराचा कागद नीट न वाचता सही करणाऱ्यांसाठी हे पुस्तक कंपल्सरी केलं पाहिजे. आमच्या खात्यात असे नॉरेल रोज येतात.

कागदांवरून आठवलं, होप मर्लीझचं लड-इन-द-मिस्ट वाचा, १९२६ चं आहे. त्यात फेअरी स्वतः फारसे येतच नाहीत, त्यांची फळं येतात, चोरट्या मार्गाने. खाल्लं की माणूस भ्रमिष्ट होतो. गावातले व्यापारी इतके सभ्य की फेअरीलँड हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही, मग खटला चालवायचा कसा? कायद्यात त्या फळाला चक्क रेशमी कापड धरलंय! म्हणजे आरोपीकडे सापडली फळं, निकाल लागणार विनापरवाना रेशमाचा. २६ वर्षं सरकारी नोकरी झाली माझी, यापेक्षा खरं काही कादंबरीत वाचलेलं नाही.

खारीचावाटा:
सगळे फेअरी घ्यायलाच येतात असं नाही हो, काही नुसते बघायला येतात. लॉर्ड डनसेनीचं द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर (१९२४) घ्या. एल्फलँडमध्ये काळ सरतच नाही. तिथला लुरुलू नावाचा ट्रोल, म्हणजे लोककथेतला एक अमानवी जीव, इकडे येतो आणि एका कबुतरखान्यात जाऊन बसतो. नुसता बसतो. उन्हाची तिरीप सरकते, सावल्या बदलतात, कबुतरं ये-जा करतात आणि हा वेडा झाल्यासारखा बघत राहतो, कारण आज वेगळं आणि उद्या वेगळं ही चीजच त्याने कधी पाहिलेली नाही. ते प्रकरण मी दुपारी वाचलं आणि मग खरंच अर्धा तास गॅलरीत बसून समोरच्या भिंतीवरचं ऊन बघत होते, घरचे म्हणाले बरं वाटत नाही का.

पण त्याच पुस्तकातली राजकन्या लिराझेल वाचून जीव तुटतो. माणसाशी लग्न करून येते, मूल होतं, पण इथली रीत तिला जमत नाही, ताऱ्यांची पूजा करावीशी वाटते आणि नवरा त्यावरून बोलतो. शेवटी बापाचा मंत्र हातात पडतो आणि पानगळीच्या पानांबरोबर ती उडून जाते. मला वाचताना सारखी आपली उर्वशी आठवत होती. तीपण वरून आली, पुरूरव्याला अटी घातल्या, माझे दोन मेंढे सांभाळ, तू मला विवस्त्र दिसता कामा नये, आणि गंधर्वांनी मेंढे पळवले, वीज चमकली, अट मोडली, गेली. ऋग्वेदात त्यांचा संवाद आहे, त्यात तो परत ये म्हणून गयावया करतो आणि ती नाही म्हणते. लोखंड नाही, पण अट आहेच. अटीशिवाय यांचं येणं होतच नाही बहुतेक.

कावळेकाका:
धागा छान चाललाय, त्यात विरजण घालतो, माफ करा. चेंजलिंगची गोष्ट वाचायला गोड वाटते, पण आयर्लंडात टिपररी परगण्यात १८९५ साली ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई जळून मेली. कपडे शिवायची, घरात शिलाई मशीन होतं, म्हणजे कुठल्या पुराणकाळातली नव्हे. आजारी पडली आणि नवऱ्याने ठरवलं की ही माझी बायको नाही, फेअरींनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे. घरातल्या नातेवाइकांदेखत तिचे हाल केले, जबरदस्तीने काढे पाजले, आणि शेवटी जाळलं. नंतर तो जुन्या गढीपाशी सुरी घेऊन वाट बघत बसायचा, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे लेखक लोक आजारी मूल नाहीतर विचित्र वागणारी बाई दाखवून ती फेअरीच निघाली असा ट्विस्ट मारतात ना, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. क्लार्कबाईंचं म्हणून जमलंय, तिथे बाई खरं बोलते आणि ऐकणारे तिला वेडी ठरवतात.

अर्धामुर्धा:
काका, हे माहीत नव्हतं. ट्विस्टबद्दल शंभर टक्के सहमत नाही, प्रत्येक चेंजलिंगकथेवर त्या खुनाचं ओझं टाकलं तर त्या पोराच्या बाजूने लिहिलेल्या चांगल्या गोष्टीपण जातील, म्हणजे आपण या घरातले नाही हे मोठं झाल्यावर कळतं तसल्या. हॉली ब्लॅकची पहिली कादंबरी त्याच जातीची आहे. पण सुरी घेऊन बसलेला तो माणूस आता डोक्यातून जाणार नाही.

झोपमोड:
सगळ्यांचे आभार, काका तुमचेही, विरजण वगैरे काही नाही. त्यांच्याकडे काय नाहीये ते बघ, हे लक्षात ठेवून अर्धवट सोडलेलं पुस्तक काल पुन्हा उघडलं. पन्नास पानं झाली, त्यातल्या एल्फकडे सगळंच आहे, तेव्हा ते लायब्ररीला परत.

लोखंडाचं आईला विचारलं. ती म्हणाली तुझ्या वेळी अडकित्ता होता उशाखाली, विळा शेजारणीने नेला होता. मी म्हटलं का ठेवतात पण, तर म्हणे ठेवतात. मग तीच म्हणाली, आता घरात लोखंडाचं आहेच काय, सगळं स्टेनलेस स्टील, ते चालतं का विचार तुझ्या लोकांना. तर विचारतेय.

निळीशाई:
काकूंना सांगा, लोहचुंबक लावून बघा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या भांड्यांना तो चिकटत नाही, तेव्हा प्रॅचेटच्या हिशोबाने एल्फ येऊन आरामात डबे उघडून बसतील. बिडाचा तवा असेल तर तो दाराजवळ ठेवा.

झोपमोड:
तवा आहे. पण आई म्हणते दाराजवळ नाही ठेवणार, गंजतो.