फ्रान्समधलं कोंक : एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं?

तांबडीमाती:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरात तुलूजला भाचीकडे जातोय, तिथून गाडीने एक दिवस कोंकला जाऊन यावं असं डोक्यात आहे. फोटोत बघितलं तर डोंगरउतारावर दगडी छपरांची मूठभर घरं आणि मधोमध ते दांडगं चर्च. गावात म्हणे जेमतेम दोन-तीनशे माणसं. मग एवढ्या गावाला हे परवडलं कसं? आणि एका दिवसासाठी जाण्यात अर्थ आहे का?

मूर्तिवेडी:
एका शब्दात उत्तर, चोरी :) हे चर्च जिच्या नावाचं ती सेंत (म्हणजे संत) फ्वा ही आजें शहरातली पोर, रोमन राजवटीत ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून मारली गेली. तिच्या अस्थी आजेंलाच होत्या, त्या ८६६ च्या आसपास कोंकच्या एका साधूने लंपास केल्या, आधी तिथल्या मठात राहून सगळ्यांचा विश्वास कमावला आणि मग डल्ला मारला अशी कथा आहे. त्यानंतर स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्री पायी जाणारे यात्रेकरू इथे थांबायला लागले, म्हणजे आलंच दान. तिची मूर्ती चुकवू नका, लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा आणि वर भक्तांनी वाहिलेली रत्नं, अगदी आपल्या देवीला दागिने चढवतात तशी. अकराव्या शतकात आँजे या दुसऱ्याच शहरातला बर्नार नावाचा विद्वान आला तो आधी मूर्तिपूजा म्हणून नाक मुरडत होता, आणि नंतर त्यानेच तिच्या चमत्कारांचं पुस्तक लिहिलं!

खडूसकाका:
चोरीचं सगळेच सांगतात हो, पण राज्यक्रांतीत सोनं वितळवायला न्यायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी चर्चचा खजिना आपापसात वाटून घरात, बागेत लपवला आणि पुढे परत आणून दिला, ते जास्त भारी आहे. सोनं हातात असून परत देणं, बघा बुवा. चर्चची मात्र रया गेली होती, १८३७ मध्ये सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आला, त्याने लावून धरलं म्हणून डागडुजी झाली. आणि हो, २०१६ पासून कोंक वेगळी कम्यून (तिकडची ग्रामपंचायत) नाही, शेजारची तीन गावं धरून कोंक-आँ-रुएर्ग झालंय, जीपीएसवर तेच नाव दिसलं तर गोंधळू नका.

तांबडीमाती:
काका, जबरदस्त! पण मला शिल्पातलं शष्प कळत नाही, नेमकं काय बघू?

मूर्तिवेडी:
पश्चिम दारावरचा शेवटच्या न्यायाचा (जगाच्या अंती देव कुणाला स्वर्गात, कुणाला नरकात धाडतो त्याचा) देखावा बघा, शंभरावर आकृत्या आहेत. नरकाच्या बाजूला गळ्यात थैली अडकवून फासावर लटकवलेला कंजूष शोधा, मग कमानीच्या काठावरून नुसती डोकी काढून खाली डोकावणारी ती चौकस मंडळी, मला तर तीच सगळ्यात आवडतात. ऊन दुपारनंतर दारावर येतं तेव्हा सकाळी जाऊ नका.

खडूसकाका:
आत चित्रकार पिएर सुलाजने केलेल्या खिडक्या आहेत, १९९४ च्या, रंगच नाही, नुसती दुधट काच आणि काळ्या रेषा. आमच्या मते हॉस्पिटलची काच. जवळच्या रोडेझ शहराचा माणूस म्हणून सगळे कौतुक करतात.

मूर्तिवेडी:
काका, ढग सरकले की त्याच काचा निळसर-केशरी होतात, जरा बाकावर टेका की! एक दिवस पुरे, फक्त खजिन्याचं तिकीट वेगळं असतं.