ड्रॉनफील्ड: स्टेशनवर माणूस हवा की नको?

रूळकरी: इंग्लंडात डर्बीशरमधलं ड्रॉनफील्ड हे शेफील्ड आणि चेस्टरफील्डच्या मधलं छोटं शहर. स्टेशन १९६७ साली बंद झालं, फेब्रुवारी १९७९ च्या बर्फात काही दिवसांपुरतं उघडलं आणि १९८१ पासून कायमचं सुरू झालं. आज तिथे कर्मचारी शून्य. ब्रिटिश परिवहन खात्याच्या वर्गवारीत अशी स्टेशनं 'एफ' गटात, म्हणजे अगदी तळाला. माझं म्हणणं, निदान सकाळच्या गर्दीत एक माणूस हवाच. मशीन तिकीट देतं, पण गर्दीच्या गाडीला ऑफ-पीक (बिनगर्दीच्या वेळेचं स्वस्त) तिकीट चालणार नाही हे समजावत बसत नाही.

डिझेलवाला: माणूस काढला म्हणूनच अशी स्टेशनं टिकली, हे विसरू नका. ब्रिटिश रेल्वेत काटछाट सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालात २,३६३ स्टेशनं बंद करायच्या यादीत होती. इप्सविच ते लोवस्टॉफ्ट ही ईस्ट सफोक लाइन वाचली ती रेल्वे अधिकारी जेरार्ड फाइन्स यांच्या 'बेसिक रेल्वे'मुळे: तिकीटखिडक्या बंद, तिकिटं गार्डने गाडीतच द्यायची, फाटकं ऑटोमॅटिक. खर्च उतरला, लाइन राहिली.

रूळकरी: तेव्हा बिनतिकीट चढलेल्याकडे कोणी चोर म्हणून पाहत नव्हतं. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडात पेनल्टी फेअर, म्हणजे बिनतिकिटाचा दंड, १०० पौंड, वर एकेरी भाडं. खिडकी तुम्ही काढायची आणि दंड प्रवाशाने भरायचा?

टीसी_निवृत्त: दंड सरसकट लागत नाही हो. सुरुवातीच्या स्टेशनवर तिकीट घ्यायची सोयच नसेल तर २०१८ च्या नियमांप्रमाणे तो बसत नाही. घोळ होतो मशीन आहे पण रोख घेत नाही तेव्हा, आणि नॉर्दर्न या तिथल्या रेल्वे कंपनीची बहुतेक मशीनं फक्त कार्डवर चालतात. अशा वेळी स्क्रीनवर 'प्रॉमिस टू पे' (पैसे नंतर भरतो) निवडा, उतरायचं स्टेशन टाका. फुकट चिठ्ठी निघते. गार्ड आला की त्याला रोख द्या, नाहीतर तिकीट मिळेल अशा पहिल्या ठिकाणी भरा. ती चिठ्ठी म्हणजे तिकीट नव्हे. पैसे न भरता गेटाबाहेर पडलात तर अडकलात. मशीनच मेलं असेल तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. ऑनलाइन काढून मशीनमधून घ्यायचं तिकीट मात्र अशा स्टेशनवर टाळाच: मशीन बंद पडलं की पैसे गेलेले आणि हातात कागद नाही. मोबाइलवरचं ई-तिकीट बरं. दंड झालाच तर २१ दिवसांत भरल्यास १०० चे ५० होतात, अपिलाची मुदतही तेवढीच.

उंबरठा: सगळे तिकिटातच अडकलात! व्हीलचेअरवरच्या माणसाचं काय? फलाटाची प्रमाण उंची रुळापासून ९१५ मिमी, जुने फलाट पुष्कळदा त्याहून खाली. कम्ब्रियात हॅरिंग्टनला २००८ साली यावर स्वस्त तोड काढली: सगळा फलाट न उचलता, दारासमोर येईल तेवढाच तुकडा तयार पॅनेलांनी उंच केला, दोन्ही बाजूंना उतार. 'हॅरिंग्टन हंप' म्हणतात त्याला. पण गाडी नेमकी तिथे थांबली नाही तर हंप असून नसल्यासारखा. मग फलाटावरून गाडीत चढायला लावायचा रॅम्प आला. मदतीसाठी दोन तास आधी नोंद करा म्हणतात, ठीक. पण गाडीत गार्ड नाही, फलाटावर कोणी नाही, तर तो रॅम्प लावणार कोण?

डिझेलवाला: हे तर माझ्याच बाजूचं झालं! माणूस गाडीत ठेवा. एक गार्ड एका फेरीत वाटेतली सगळी स्टेशनं सांभाळतो, फलाटावरचा माणूस एकच. २०२३ मध्ये इंग्लंडातल्या तिकीटखिडक्या बंद करायच्या प्रस्तावावर साडेसात लाख हरकती-सूचना आल्या, आणि ३१ ऑक्टोबरला तो गुंडाळला. त्यातला निम्मा जोर गार्डांसाठी लावला असता तर?

रूळकरी: ज्या खिडक्या होत्या त्या वाचल्या. ड्रॉनफील्डला वाचवायला खिडकीच नाही. मग लिव्हरपूलकडच्या मर्सीरेल या लोकल रेल्वेसारखं करा, दुकान आणि तिकीटखिडकी एकाच काउंटरवर. आपल्याकडे छोट्या थांब्यांवरचा हॉल्ट एजंट कमिशनवर तिकिटं विकतोच की.

उंबरठा: कमिशनवाला फलाटावर येऊन रॅम्प लावेल? करारात ते कलम घालून दाखवा, मग बोलू.

टीसी_निवृत्त: आणि पहाटेच्या पहिल्या गाडीला दुकान उघडं असेल, हेही त्याच कलमात घाला.