लेकीची पहिली गाडी : सोसायटी ग्रुप, शनिवार दुपार

बी-४०२ : मंडळी, लेकीला १८ पूर्ण झाली, पक्कं लायसन्सही आलं. चार लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आहे. घरचे म्हणतात, तिला काय कळतंय, तूच बघून आण. मला वाटतं तिनेच बघावी. सुरुवात कुठून करू?

ए-१०१ : तिलाच बघू द्या वहिनी. मुलाबरोबर मी सहा गाड्या बघितल्या. पहिल्या दोन ठिकाणी मीच बोलत होतो, तो मोबाईलमध्ये. तिसऱ्या ठिकाणी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, त्याच्या हातात दिली आणि मी गप्प बसलो. वाचून म्हणाला, बाबा, यावर बँकेचं नाव आहे. मालक म्हणाले कर्ज कधीच फिटलंय. मग बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५? नव्हते. एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. घरी दहा वेळा सांगून कळलं नसतं.

सी-२०३ : माझं माहेर सांगलीचं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या गाड्या पाण्यात गेलेल्या मी बघितल्यात. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगाही बघायचा. काचा बंद करून एसी लावा, कुबट वास आला तर निघून या.

डी-५०१ : एवढा व्याप कशाला? नवीन घ्या, निश्चिंत राहा.

ए-१०१ : नवीनमध्येही शिकायला खूप आहे. सहा लाखांची पेट्रोल गाडी म्हटली तर आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ६६ हजार तिथेच वाढले. त्यावर विमा, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग’. ऑन-रोड किमतीच्या कागदावरची एकेक ओळ मुलीला मोठ्याने वाचायला लावा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, हे तिने स्वतः म्हणायला हवं.

बी-४०२ : किलोमीटर मागे फिरवलेत का, हे कसं ओळखायचं?

ए-१०१ : सर्व्हिसच्या नोंदी मागा. आणि टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटर २० हजारांवर आणि चारही टायर २०२२ चे? मग पहिले टायर एवढ्यात कसे संपले, हे विचारायचंच. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबरही बघा, ते घासलेलं लपत नाही.

ई-३०३ : माझा सोळाचा आहे. पार्किंगमधून बाहेरच्या रस्त्यापर्यंत चालवू देते कधी कधी.

सी-२०३ : ताई, कृपा करून नको. २५ हजार दंड, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्याला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. रस्त्यावर कुणाचा जीव गेला तर त्याची भरपाई कशानेच नाही. गाडी बघायला मात्र त्याला जरूर न्या.

ए-१०१ : वहिनी, मालकी बदलायच्या (टीटी) फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणून थांबू नका. आरसीवर नाव लागेपर्यंत पाठपुरावा तिलाच करू द्या. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, जुन्या मालकाचीच राहते, त्यामुळे हप्ता वाढेल.

बी-४०२ : उद्या सकाळी चिंचवडला एक गाडी बघायला जातोय. लेक हे सगळं वहीत उतरवून घेतेय. टायरवरचे आकडे नेमके कुठे असतात, विचारतेय.

ए-१०१ : सहा वाजता तिला खाली पाठवा. माझ्या गाडीवर दाखवतो. येताना टॉर्च आण म्हणावं.