मल्टिमीटरचा फ्यूज उडाला, काचेचा टाकला तर चालेल का?

शिकाऊ_हात
नमस्कार मंडळी. काल एका अडॅप्टरचा करंट मोजला. नंतर लाल लीड १० अँपिअरच्या जॅकमध्ये तशीच राहिली, मी फक्त डायल एसी व्होल्टवर फिरवला आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले. मोठा आवाज, ठिणगी, एमसीबी पडली. एका प्रोबचं टोक वितळलंय. मला इजा नाही, पण घाबरलो आहे. मीटर व्होल्ट आणि ओहम दाखवतो, करंट शून्य. आतला फ्यूज सिरॅमिकचा आहे, माझ्याकडे त्याच मापाचा काचेचा आहे. टाकू का?

पॅनलवाला
अजिबात टाकू नका. आधी झालं काय ते समजून घ्या. १० अँपिअरच्या जॅकपासून कॉमपर्यंत (काळ्या लीडचा जॅक) आत फक्त फ्यूज आणि शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) असतो, म्हणजे जवळजवळ सरळ तारच. बहुतेक मीटरमध्ये डायल कुठेही असला तरी हा रस्ता चालूच राहतो. तुम्ही फेज आणि न्यूट्रल एकमेकांना जोडलेत.

अशा शॉर्टमध्ये शेकडो, कधी हजारो अँपिअर वाहू शकतात. काचेच्या साध्या फ्यूजची तोडण्याची क्षमता (जास्तीत जास्त किती करंट तो सुरक्षित तोडू शकतो) बहुधा त्याच्या रेटिंगच्या १० पटीच्या आसपास असते. तार वितळते, पण आत आर्क (हवेतून वाहणारी विजेची ज्योत) चालू राहतो आणि काच फुटते, तीही हातातल्या मीटरमध्ये. सिरॅमिकच्या एचआरसी (मोठा करंट तोडू शकणाऱ्या) फ्यूजमध्ये वाळू भरलेली असते, ती आर्क विझवते. काल तुमचा हात त्या वाळूने वाचवला. मीटरच्या पुस्तिकेत लिहिलेले अँपिअर, व्होल्ट आणि तोडण्याची क्षमता, तिन्ही जुळणारा फ्यूजच आणा. तार गुंडाळून काम भागवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

ओहमकर
सहमत. मागचं झाकण उघडलंत की शंटजवळ काजळी किंवा उडालेला तांब्याचा पत्रा दिसतो का पाहा. दिसला तर त्या मीटरवर मेन्स मोजू नका, बॅटरीच्या सर्किटपुरता ठेवा. लीड्स तर बदलाच. नव्या लीड्सही तपासायच्या: ओहमवर दोन्ही टोकं जुळवा, ०.२ ते ०.५ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. मग केबल मुळाशी हलवा. आकडा नाचला तर आत तार तुटत आली आहे.

शिकाऊ_हात
काजळी आहे, थोडी. म्हणजे नवीन मीटर घ्यावा लागेल. काय बघू?

पॅनलवाला
कॅट रेटिंग, म्हणजे मीटर कुठल्या जागी मोजायला सुरक्षित आहे त्याचा वर्ग. सॉकेटवर लागणाऱ्या उपकरणांसाठी कॅट २, वितरण पॅनलसाठी कॅट ३, बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस लाइनसाठी कॅट ४. कॅट ३ ६०० व्होल्टचा मीटर ६००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसेल असा तपासलेला असतो, कॅट २ ६०० चा ४००० चा. लीड्सवरही तेच रेटिंग हवं, नाहीतर साखळी तिथेच तुटते. आणि १० अँपिअरच्या जॅकजवळ ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असेल तर तो मीटर घेऊच नका.

फेजन्यूट्रल
मी बरीच वर्षं साधाच मीटर वापरतो, काही झालं नाही.

पॅनलवाला
झटका रोज येत नाही, दादा. ज्या दिवशी येतो त्या दिवशी मीटर कोणता आहे, एवढंच उरतं.

ओहमकर
वापराबद्दल: सप्लाय बंद आहे याची खात्री करताना आधी चालू असलेल्या जागी मोजा, मग तुमच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. शून्य दिसलं तर ते मीटर बिघडल्यामुळे नाही, हे त्यावरून कळतं. ओहम आणि कंटिन्यूइटी (तार सलग आहे का ते) फक्त वीज बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून. बॅटरीचं चिन्ह आलं की लगेच बदला, कमी बॅटरीवर आकडे खोटे येतात. महिनोन्‌महिने ठेवणार असाल तर सेल काढा, गळून टर्मिनल खातो.

शिकाऊ_हात
कळलं. आणि तुटलेल्या तारेवर ४० व्होल्ट दिसतात, ते?

ओहमकर
बहुधा भूत व्होल्टेज. मीटरचा इनपुट सहसा १० मेगाओहमचा असतो, शेजारच्या चालू तारेच्या नुसत्या जवळिकीनेही आकडा येतो. मीटरला लो-झेड (कमी इनपुट रोधाचा) मोड असेल तर त्यावर बघा, तो आकडा विरून जाईल. पण तो विरेपर्यंत तार चालूच आहे असं धरा.

शिकाऊ_हात
आता करंट मोजून झाला की लगेच लाल लीड व्होल्टच्या जॅकमध्ये परत लावतो, मगच डायलला हात.