मदत हवी आहे: रोडबाइकवर पहिली ग्रुप राइड, कोणी न सांगितलेले नियम कोणते?

पानशेत_रविवार

नमस्कार मंडळी. रोडबाइक आहे, ७०० बाय २८ चे टायर, रिम ब्रेक. वजन ७२ किलो. एकट्याने ४०-५० किलोमीटर आरामात होतात. येत्या रविवारी पहिल्यांदाच ग्रुपबरोबर पुण्याहून सिंहगड रस्त्याने पानशेतला जाऊन यायचे आहे. ग्रुपच्या मेसेजमध्ये हेल्मेट, दोन बाटल्या आणि एक जादा ट्यूब एवढेच लिहिले आहे. बाकी सगळे ‘येईल तसे कळेल’ म्हणतात, पण त्यात माझ्यामुळे दुसऱ्याला इजा व्हायला नको. म्हणून नेमके विचारतो:

पुढच्याच्या चाकापासून किती अंतर ठेवायचे? रांगेच्या पुढे येऊन वारा अंगावर घ्यायची पाळी आली तर काय करायचे? टायरवर कमाल ११५ पीएसआय लिहिले आहे, तेवढी हवा भरू का? पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालतात का? उजव्या पोटरीवर दर वेळी चेनचे काळे ठसे उठतात, ते का? आणि क्लीटचे, म्हणजे तळव्याच्या पट्टीने पेडलला अडकणारे बूट नवीन आणले आहेत, ते याच राइडला घालू का?

घाटमाथा

अंतराचे आधी, कारण बाकी चुकले तर लोक फार तर टोकतील, हे चुकले तर कोणीतरी पडेल.

तुमचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच येऊ द्यायचे नाही. याला आपल्याकडे सगळे ओव्हरलॅप म्हणतात. चाकाला चाक घासले की पुढच्याला बहुतेक वेळा नुसता झटका जाणवतो, पडतो तो मागचा. सायकलचा तोल आपण हँडल बारीक-बारीक वळवून सांभाळत असतो. तुमचे चाक त्याच्या चाकाला टेकले की त्या बाजूला हँडल वळायला जागाच राहत नाही, आणि नेमके त्याच बाजूला अंग कलंडते. तुमच्या मागचे दोघेतिघे मग तुमच्यावर येतात.

पहिल्या काही राइडना दीड मीटर ठेवा, म्हणजे जवळपास एक सायकल. तेवढ्या अंतरावरही वाऱ्याची आड मिळते. ताशी ३० च्या वेगाला सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापले जाते, म्हणजे दीड मीटर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच संपतो. तेवढ्यात ब्रेकवर बोटसुद्धा जात नाही. म्हणून समोरच्या टायरकडे टक लावून बसू नका. नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आणखी दोनतीन जणांच्या पुढे हवी. खड्डा आला, रिक्षा वळली, हे तुम्हाला त्याच्याइतकेच लवकर कळले पाहिजे.

जवळ गेलात तर ब्रेक दाबू नका. अर्धा-एक फेरा पेडल हलके सोडा, छाती वर करून वारा अंगावर घ्या, वेग आपोआप पडतो. ब्रेक लागलाच तर दोन्ही हलके, आणि तोंडाने ‘स्लो’. रांगेत पुढच्याने उगाच ब्रेकला हात लावला की शेवटच्याला करकचून थांबावे लागते.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. चढावर सीटवरून उठताना सायकल क्षणभर वीतभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळू शकते. उठण्याआधी एक गिअर जड करा, एक पाय खाली दाबला जात असतानाच उठा आणि दाब सोडू नका. बसतानाही तसेच.

चेन_आणि_चहा

घाटमाथा यांना +१. पुढे येण्याच्या पाळीबद्दल लिहितो.

नवखे हमखास जे करतात ते म्हणजे पुढे आल्याबरोबर वेग वाढवणे. वारा अंगावर येतो, ताकद दाखवावीशी वाटते, आणि ताशी २८ ची रांग ३२ ला जाते. मागे फट पडते, शेवटचे दोघे ती भरून काढण्यात दमतात. पुढे येण्याच्या आधी मीटरवरचा वेगाचा आकडा बघून ठेवा आणि पुढे तोच ठेवा. चढावर मात्र आकडा धरून बसू नका, तिथे पायांवरचा जोर सारखा ठेवा आणि वेग पडू द्या.

एक-दोन मिनिटे पुरेत. मग उजव्या खांद्यावरून मागे बघा, गाडी नाही याची खात्री करा, कोपराने इशारा द्या आणि उजवीकडे हातभर सरका. पूर्ण बाहेर आल्यावरच वेग दोनेक किलोमीटरने कमी करा. रांगेत असतानाच सैल पडलात तर मागचा तुमच्यावर येईल. रांग डावीकडून पुढे जाईल. शेवटच्याने ‘शेवट’ म्हणून आवाज द्यायचा असतो. त्याचे पेडल तुमच्या बरोबरीला आले की जोर लावायला सुरुवात करा, तो पूर्ण निघून गेल्यावर लावलात तर फट पडलीच म्हणून समजा.

तुमच्या रस्त्यावर हे सगळे खडकवासल्याच्या पुढेच. धायरी, नांदेड फाटा, किरकटवाडी या पट्ट्यात पाळी बदलायची नाही, एकेरी रांग आणि जास्त अंतर. पुढेही रस्ता अरुंद आहे, दुभाजक नाही. वळणावर किंवा मागून गाडी येत असताना पाळी बदलू नका, अर्धा मिनिट जास्त पुढे राहिलात तर काही बिघडत नाही.

दम नसेल तर पुढे येऊ नका. ‘मी मागेच राहतो’ असे निघतानाच सांगा, पहिल्या राइडला कोणीही हरकत घेत नाही. खटकते ते वेगळे: सगळा वेळ मागे लपायचे आणि धरणाच्या चढावर एकदम सुसाट सुटायचे. तसेच दोघे शेजारी-शेजारी चालवत असताना आपले चाक सतत अर्ध्या चाकाने पुढे काढत राहायचे. शेजारचा बरोबरी करतो, तुम्ही पुन्हा पुढे, आणि दहा मिनिटांत अख्ख्या ग्रुपचा वेग बिघडतो. हँडल शेजारच्या हँडलच्या रेषेत ठेवा.

सुई_दोरा_क्लीट

कपड्यांचे. पॅडच्या आत काहीही घालायचे नाही. पॅड शिवताना कातडीच्या बाजूला शिवण येणार नाही अशी काळजी घेतलेली असते. आत अंतर्वस्त्र घातले की त्याची शिवण मांडीच्या सांध्यात येते, घामाने भिजते आणि दीड-दोन तासांत सोलवटते. ऐंशी किलोमीटरच्या राइडला पॅडवर आणि सांध्यात थोडी शामॉय क्रीम, म्हणजे घर्षण कमी करणारे मलम, लावा. घरी पोचल्याबरोबर शॉर्ट्स काढा, धुवा, उलटी करून वाळवा. ओल्या पॅडमध्ये तासभर गप्पा मारत बसलात की गळवे ठरलेली.

पोटरीवरचे ठसे: तुम्ही थांबल्यावर सायकल दोन पायांत घेऊन उभे राहता, आणि उजवी पोटरी पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीला (चेनरिंगला) टेकते. डावा पाय जमिनीवर आणि उजवा पेडलवरच, असे थांबायची सवय लावा. दुसरे कारण चेनवरचे जादा तेल. प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, पेडल उलटे फिरवून दहा मिनिटे थांबा, मग कोरड्या फडक्यात चेन धरून बाहेरचे सगळे तेल पुसून काढा. तेलाचे काम रोलरच्या आत असते, बाहेर राहिलेले फक्त धूळ गोळा करते आणि दाते झिजवते. आदल्या रात्री करा, सकाळी नको.

हेल्मेट कपाळावर खाली, भुवयांच्या वर दोनच बोटे. मागे ढकललेले हेल्मेट तोंडावर पडलात तर कामाचे नाही. कानाखाली पट्ट्यांचा व्ही जुळला पाहिजे, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकेच सैल. मागचा दिवा ग्रुपमध्ये लुकलुकता ठेवू नका, स्थिर आणि किंचित खाली वळवलेला. पहाटेच्या अंधारात मागच्याला तासभर तो डोळ्यांत सहन करावा लागतो.

क्लीट याच राइडला? नाही. कृपया नाही. आधी गवतावर, भिंतीला हात धरून, प्रत्येक पाय पंचवीस-तीस वेळा लावा-सोडा. टाच बाहेर फिरवली की सुटते, वर ओढून सुटत नाही, आणि घाबरलेला माणूस नेमका वर ओढतो. पेडलवरच्या स्क्रूने पकडीचे टेन्शन सगळ्यात कमी करा. पेडल शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल प्रकारचे असेल तर पिवळे क्लीट लावा, त्यात टाचेला ६ अंशांची हालचाल मिळते. निळ्यात २, लाल जागचे हलत नाही. मग आठवडाभर एकट्याने, सिग्नल असलेल्या रस्त्यावर. डावा पाय थांबायच्या वीस-तीस मीटर आधीच सोडायचा. रविवारी साधे पेडल आणि साधे बूट, त्यात काहीही कमीपणा नाही.

बाभळीचा_काटा

हवा: ११५ ही टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. ७२ किलोला २८ च्या टायरमध्ये मागे ७५, पुढे ७० पासून सुरू करा. जास्त भरली की सायकल खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, हात बधिर होतात आणि ओल्या वळणावर पकड कमी होते. फार कमी भरली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबमधून हवा आपोआप हळूहळू जातेच, म्हणून गेज असलेल्या पंपाने प्रत्येक राइडच्या सकाळी तपासा.

मेसेजमध्ये ‘एक ट्यूब’ आहे, पण ट्यूबबरोबर टायर सोडवायच्या दोन लिव्हर, छोटा पंप, दोनतीन पॅच आणि मल्टिटूलही तुमचेच हवे. दुसऱ्याचे मागणे हा नियमभंगच. मागावे लागलेच तर पुढच्या राइडला त्याच मापाची, तेवढ्याच लांबीच्या व्हॉल्व्हची नवी ट्यूब आणून द्या.

पंक्चर झाले की ‘पंक्चर!’ ओरडा, हात वर करा, सरळ रेषेत हळू व्हा. एकदम डावीकडे कापू नका. सगळे रस्त्याच्या बाहेर, मातीवर. मदतीला एकच माणूस, बाकीच्यांनी भोवती कोंडाळे करून सल्ले देऊ नयेत.

मागचे चाक असेल तर आधी चेन मागच्या सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर आणा, ब्रेकचा छोटा खटका उघडा, मग चाक काढा. टायरची एकच बाजू लिव्हरने सोडवा. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षराजवळ होता ते बघून ठेवा. ट्यूबमधले भोक सापडले की तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. सगळ्यांची चूक इथेच होते: काटा न शोधता नवी ट्यूब घालतात आणि ती पाचशे मीटरवर बसते. टायरच्या आतून फडके फिरवा, बोट नको. बाभळीचा काटा तुटून आतच राहतो. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार तर बाहेरून दिसतही नाही, फडक्याला अडकते तेव्हाच कळते. नेलकटरने ओढून काढा.

नव्या ट्यूबमध्ये दोन फुंका हवा घाला म्हणजे पीळ पडणार नाही. टायर व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा, अंगठ्यांनी. शेवटच्या तुकड्याला लिव्हर लावलीत तर ट्यूब चिमटते. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बघा, दोन्ही बाजूंनी ट्यूब डोकावत नाही ना तपासा, मग हवा. पंप मारताना व्हॉल्व्हमागे अंगठ्याचा आधार द्या, नाहीतर प्रेस्टा प्रकारच्या व्हॉल्व्हची बारीक दांडी वाकते. निघण्याआधी ब्रेकचा खटका परत बंद. हा विसरला की पहिल्याच उतारावर ब्रेकची लिव्हर जवळपास हँडलला टेकते. फाटकी ट्यूब खिशात, झुडपात नाही.

घाटमाथा

इशाऱ्यांबद्दल राहिले होते. खड्डा असेल त्या बाजूला हात खाली करून बोट दाखवायचे. डाव्या कडेला उभी गाडी असेल तर हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरकायची खूण. पण माझे ठाम मत आहे की खराब पट्ट्यात, उतारावर किंवा ब्रेक लावताना हात सोडू नये. नवख्याने तर नाहीच. तिथे आवाज पुरतो: ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘गाडी मागून’. आपल्याकडे रंग न मारलेले स्पीडब्रेकर सावलीत दिसत नाहीत, तेव्हा ‘ब्रेकर’ प्रत्येकाने मागे पोचवायचा, पुढच्याने म्हटला म्हणून आपण गप्प बसायचे नाही. आणि प्रत्येक बारीक खडा दाखवू नका, मग खरा खड्डा कोणी ऐकत नाही.

थुंकायचे किंवा नाक शिंकरायचे असेल तर आधी रांगेच्या शेवटी या. इयरफोन नाहीत, एका कानातही नाही. कुत्रे मागे लागले तर रेषा सोडू नका. कुत्रा बहुतेकदा शंभर पावलांत थांबतो, पण तुम्ही कापलेली रेषा मागच्याला पाडते.

पानशेत_रविवार

मनापासून आभार. क्लीट घरीच. दोन शंका: मध्येच मागे पडलो तर? आणि चहाच्या थांब्यावर काही पाळायचे असते का?

चेन_आणि_चहा

मागे पडत असाल तर फट पाच-दहा मीटरची असतानाच ओरडा, पन्नास झाल्यावर आवाज पोचत नाही. फट भरायला एकदम धावू नका, एक मिनिट थोडा जोर वाढवा, नाही जमले तर सोडून द्या. शेवटी कोण थांबणार हे निघतानाच विचारा, रस्ता फोनमध्ये उतरवून ठेवा. दमण्याचे कारण बरेचदा पाय नसून पोट असते: तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस, आणि पहिल्या पाऊण तासापासूनच थोडे-थोडे खाणे. केळे, राजगिऱ्याची वडी, चिक्की, काहीही चालेल. भूक लागल्यावर खाल्लेले त्या राइडला फारसे उपयोगी पडत नाही.

थांब्यावर सायकल दुसऱ्याच्या फ्रेमवर टेकवू नका, गिअरची बाजू भिंतीकडे नको. दुसऱ्याची सायकल न विचारता उचलून बघू नका आणि उभ्या सायकलचे गिअर चाळू नका. मालक निघताना पहिल्याच दाबाला चेन उडी मारते आणि तो फ्रेमच्या वरच्या नळीवर आपटतो.

परतताना एक लक्षात ठेवा. नऊनंतर खडकवासला चौपाटीवर कणसाच्या गाड्या, उलट येणाऱ्या दुचाक्या आणि रस्त्यात धावणारी मुले असतात. तिथे ग्रुप असूनही ग्रुप नाही असे समजा: कोणाच्याही चाकामागे लगटून चालवायचे नाही, पाचसहा मीटर सोडून, दोन्ही हात ब्रेकवर, ताशी १५ च्या आत. रांग पुन्हा नांदेड फाट्याच्या आसपासही जुळवायची गरज नाही, गर्दी तिथेही असतेच. तिथून ज्याने त्याने आपापल्या वेगाने घरी जावे.