भोगीपर्यंत टेरेसवर काय काय येईल?

सोसायटीचा ग्रुप, नोव्हेंबरचा पहिला रविवार, सकाळ

२०३ ताई: सगळ्यांना नमस्कार. एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी डिसेंबरात गॅलरीत सांभार (कोथिंबीर) पेरला होता. अर्धाही उगवला नाही, आणि जो उगवला तो बोटभर होऊन थांबला. थंडीत झाडं वाढतच नाहीत का?

४०२ काकू: थंडीला दोष देऊ नको ग. नागपुरात भाजीपाल्यासाठी हेच तर साडेतीन महिने आपले. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कुंडीतली मुळं शिजतात. पावसाळ्यात पालेभाजी सडते. दिवाळी ते महाशिवरात्र, एवढाच खरा हंगाम. तू पेरलंस उशिरा. गार मातीत सांभाराचं बी पंधरा-पंधरा दिवस पडून राहते. आत्ता माती ऊबदार आहे, आज पेरलास तर आठ-दहा दिवसांत वर येईल. धने अख्खे टाकले होते का?

२०३ ताई: हो काकू, मसाल्याच्या डब्यातले. अख्खेच.

४०२ काकू: एका धन्यात दोन बिया असतात. पोळपाटावर ठेवून हलक्या हाताने लाटणं फिरव. दोन फाका झाल्या पाहिजेत, भरड नाही. रात्रभर भिजव, सकाळी फडक्यावर निथळव आणि अर्ध्या इंचापेक्षा खोल पेरू नको. डब्यातले धने किती जुने आहेत हे आपल्याला माहीत नसते. कॉटन मार्केटकडे बियाण्याच्या दुकानातून ताजं बी आण, थोडंच लागते. आणि सगळं एकाच दिवशी पेरू नको. दर दहा-बारा दिवसांनी एक मूठ. नाहीतर एका आठवड्यात टोपलीभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असं होते.

१०४ वहिनी: काकू, माझ्या गॅलरीत हिवाळ्यात दिवसभर ऊन आणि उन्हाळ्यात अजिबात नाही. समोरच्या विंगमध्ये बहिणीकडे बरोबर उलटं. असं काऊन?

५०१ काका: तुमची गॅलरी दक्षिणेकडे उघडते. आता सूर्य दक्षिणेकडे सरकून राहिला आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात भर दुपारीसुद्धा तो ४५ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे जेवढी उंच वस्तू तेवढीच लांब सावली. टेरेसवर हे फार महत्त्वाचं आहे. आपला कठडा साडेतीन फुटांचा. दक्षिणेच्या कठड्याला लागून कुंड्या ठेवल्या तर दुपारी बारालाही त्या सावलीत. उत्तरेच्या कठड्याजवळ ठेवा. तिथे दिवसभर ऊन लागते, आणि भिंत दिवसा तापते ती संध्याकाळी थोडी ऊब परत देते.

४०२ काकू: काकांचं हे सांगणं मला आधी मिळालं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. मी दोन हिवाळे सगळे टमाटर दक्षिणेच्या कठड्याला लावले. हिरवीगार झाडं, फळ नाही. मी खत वाढवत राहिले.

३०१ सेक्रेटरी भाऊ: सर्वांना विनंती. भाजीला माझा विरोध नाही, पण टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला खर्च झाला आहे. पाचव्या मजल्यावर ओल आली तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा.

५०१ काका: भाऊ, तुमचं बरोबर आहे. माझंच छत आहे ते, सगळ्यात जास्त काळजी मलाच. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की २० ते २५ किलो होते. ड्रम अर्धा कापून भरला तर दीडशे किलोच्या वर जातो. म्हणून ड्रम नको. कुंड्या कडेने, बीमच्या रेषेत ठेवायच्या, स्लॅबच्या मधोमध नाही. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा, म्हणजे खालची फरशी वाळते आणि झाडू फिरतो. पाइप नाही, झारीच. मोठं झाड, म्हणजे मुनगा (शेवगा), लिंबू, पेरू असं काही टेरेसवर लावायचं नाही. एवढं पाळलं तर माझी हरकत नाही.

३०१ सेक्रेटरी भाऊ: लेखी द्याल का काका?

५०१ काका: देतो. आजच देतो.

१०४ वहिनी: कुंड्या विकत घ्यायच्या का? आमच्याकडे जुना कूलर पडून आहे, मोटर जळलेली.

४०२ काकू: अगं, त्याचा खालचा पत्र्याचा टब म्हणजे मेथी-पालकाचा वाफाच! रुंद आणि उथळ. पालेभाजीला सहा-आठ इंच माती पुरते. बुडाला खिळ्याने दहा-बारा भोकं पाड, कडांना गंज असेल तर घासून घे. पण कूलरचं जुनं खस मातीवर पसरू नको. आपल्या बोअरच्या पाण्याचा सगळा क्षार त्यात बसलेला असतो, पांढरा थर दिसतो बघ. तो मातीत गेला की झाडांची पानं कडेने जळतात.

२०३ ताई: माती कोणती घ्यायची? गावाकडून काळी माती आणू शकते.

४०२ काकू: आण, पण नुसती काळी भरू नको. शेतात ती सोनं आहे. कुंडीत मात्र पाणी दिलं की चिखल आणि वाळली की भेगा पडून कडेपासून सुटते. मग पाणी भेगेतून खाली जाते, मुळं कोरडीच राहतात. एक भाग काळी माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग रेती. वर मूठभर निंबोळी ढेप. शेणखत हातात घेऊन वास घ्यायचा. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, ठेवून दे. मातीचा वास आला पाहिजे. गाजर लावायचं असेल तर रेती आणखी वाढव. घट्ट मातीत गाजराला दोन-तीन पाय फुटतात.

जी-२ नातू: आजी सांगून राहिली, मी टाइप करून राहिलो. "माया मतानं हरभरा लावा. कोणी हरभऱ्याचं नाव कसं नाही घेतलं?"

४०२ काकू: आजी! खरंच राहिलं. सांगा न तुम्ही.

जी-२ नातू: आजी म्हणते, "अख्खा हरभरा रात्री भिजवायचा, मोड डोकावला की लावायचा. टोपलीतही येते. पंचवीस-तीस दिवसांत शेंडे खुडायचे, फुलं यायच्या आधी. जेवढं खुडाल तेवढं फुटते. पाणी कमी. रोज पाणी घातलं की मर लागते. आणि खुडायचं सकाळी. पानावर आंब असते, आंबट दवासारखी, तिच्यानंच भाजीला चव. आमच्या शेतात रात्री हरभऱ्यावर फडकं पसरायचो, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायचो. पोट दुखलं की थेंबभर."

१०४ वहिनी: आजी, तुमचं गाव कोणतं?

जी-२ नातू: भिवापूरकडचं. आजी म्हणते, "मिरची मात्र आता लावू नका. आमची मिरची पावसाळ्यातच लागते. थंडीत रोप नुसतं बसून राहते."

२०३ ताई: मला एक सुचलं. भोगी १३ जानेवारीला. त्या दिवशीची भाजी सगळी टेरेसवरची केली तर? सगळ्या घरांची मिळून एक कढई.

४०२ काकू: होऊ शकते! दहा आठवडे आहेत. उलटं मोजू.

गाजराला ७५ ते ९० दिवस लागतात, म्हणून गाजर आजच, उद्यावर नाही. बी बारीक असते, चिमूटभर रेतीत मिसळून ओळीत सोडायचं आणि वर ओलं पोतं झाकायचं. दहा-बारा दिवस पोतं वाळू द्यायचं नाही. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी काढायचं, एक दिवस उशीर झाला तर रोपं पोत्यात अडकून येतात. दाटी झाली की दोन बोटांवर एक ठेवून बाकीची उपटायची. जीवावर येते, पण न उपटता गाजर पोसत नाही. भोगीला ती कोवळीच असतील, चालतील.

वाटाणा याच आठवड्यात, ६०-७० दिवसांत शेंग. चार काड्या आणि सुतळी लागते चढायला. हरभरा आजी म्हणाल्या तसा. वांग्याचं रोप आता बियांपासून करत बसलो तर भोगी निघून जाईल, महाराजबागेतल्या नर्सरीतून तयार रोप आणू. फळ धरेल की नाही ते थंडीवर. मेथी अगदी शेवटी, १५ डिसेंबरला पेरली तरी भोगीला तयार. वाल आपल्याकडून होणार नाही, त्याला याच्याहून जास्त दिवस लागतात. तो गोकुळपेठेतून आणू. तीळ, बोरं आणि ऊसही.

५०१ काका: फुलकोबी?

४०२ काकू: फुलकोबीचे लवकरचे, मधले आणि उशिराचे वाण वेगळे असतात काका. चुकीचा वाण लागला तर झाड मोठं होते आणि गड्डा सुपारीएवढा. दुकानात महिना सांगूनच मागायचा. मुळ्याचंही तेच. पुसा चेतकी हा उन्हाळ-पावसाळ्याचा, पुसा हिमानी थंडीचा. पाकिटाच्या मागे पेरणीचा काळ छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला एका दुकानात "सगळ्या सीझनला चालते" म्हणून बी दिलं होतं, महिन्याभरात सगळा मुळा फुलावर आला.

१०४ वहिनी: माझा गोडलिंब (कढीपत्ता) पिवळा पडून राहिला. युरिया टाकू?

४०२ काकू: काहीच टाकू नको. थंडीत तो विश्रांती घेतो. पाणी निम्मं कर. फेब्रुवारीत शेंडे छाट, नवी पालवी येईल. पुदिनाही थोडा मंदावतो, त्याची काळजी नको. लसणाच्या पाकळ्या मात्र आत्ता टोच, महिन्याभरात पात. शेपूही आत्ताच.

२०३ ताई: पाणी सकाळी की संध्याकाळी? आईकडे शेतात थंडीत रात्री पाणी देतात.

४०२ काकू: आईंचं शेतासाठी बरोबर. ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त धरते, म्हणून कडाक्याच्या रात्री ओलित करतात. आपण रोज मात्र सकाळी नऊ-दहाला पाणी द्यायचं, मातीवर, पानांवर नाही. संध्याकाळी पानं भिजली की रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. फक्त थंडीची लाट सांगितली असेल त्या दिवशी दुपारी तीन-चारला मातीत थोडं पाणी. बोट घालून बघायचं, पेरभर खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नाहीच. थंडीत जेवढी झाडं कमी पाण्याने मरतात, त्याहून जास्त आपल्या प्रेमाने मरतात.

५०१ काका: २९ डिसेंबर २०१८ आठवते? नागपूर ३.५ अंश. तेव्हा काय झालं होतं टेरेसवर?

४०२ काकू: विसरणं शक्य नाही. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन वर गेले होते. मेथी, पालक, सांभार जसेच्या तसे. दव होतं, पण पानं ताठ. वांग्याची पानं करपली होती, तुळस काळी पडली. आईच्या हातची तुळस होती ती, पाटणसावंगीहून आणलेली. आदल्या रात्री जुनी चादर टाकली असती तर वाचली असती. त्या दिवसापासून डिसेंबर-जानेवारीत तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, बुडाशी वाळला पाला घालते, आणि पारा आठच्या खाली सांगितला की रात्री काठ्यांवर चादर. चादर पानांना टेकली नाही पाहिजे. सकाळी ऊन आलं की काढायची. टमाटरचंही सांगून ठेवते, रात्रीचा पारा १२-१३ च्या खाली गेला की फूल गळते. झाडाला रोग नाही. संक्रांतीनंतर पुन्हा धरते.

३०१ सेक्रेटरी भाऊ: वाळल्या पाल्यावरून. सफाईवाले भाऊ रोज सकाळी गेटजवळ पाला जाळतात, धुराची तक्रार आहे. तो तुम्ही घेता का?

४०२ काकू: सगळा घेते भाऊ! आजपासून एक काडी जाळू देऊ नका. कुंडीवर दोन बोटं पाल्याचा थर दिला की माती गार पडत नाही आणि पाणीही कमी लागते. उरलेला पोत्यात भरून ताक शिंपडून ठेवू, उन्हाळ्यापर्यंत खत.

१०४ वहिनी: आणि मावा आला तर? माझ्या मोहरीवर दरवर्षी येतो, ढगाळलं की हमखास.

४०२ काकू: आधी झारीच्या पाण्याने जोरात धुऊन काढ, दोन-तीन दिवस सलग. नाही गेला तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. थंडीत हे तेल बाटलीत थिजते, मग ते पाण्यात मिसळतच नाही आणि लोक म्हणतात औषध कामाचं नाही. बाटली आधी गरम पाण्यात ठेव. फवारणी सूर्य कलल्यावर, मधमाशा घरी गेल्यावर. वाटाण्याच्या पानावर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं तोडून टाक, ढिगात घालू नको. मेथीचे कोंब चिमण्या आणि खार उपटतात, त्यावर कूलरची हिरवी जाळी आठ दिवस.

दुपार

३०१ सेक्रेटरी भाऊ: काकांचं पत्र मिळालं. टेरेसची उत्तरेची बाजू या हिवाळ्यापुरती दिली. चावी वॉचमनकडे, सकाळी ८ ते १०.

जी-२ नातू: आजी विचारून राहिली, "मले एवढे मजले चढणं होत नाही. माया खिडकीत दुपारी तीनच तास ऊन येते. त्यात काय येईल?"

४०२ काकू: आजी, तीन तासांत फळभाजी येणार नाही, तिला सहा तास लागतात. पण मेथी, सांभार, पालक, लसणाची पात येते, जरा सावकाश येईल. आणि हरभऱ्याचं राज्य तुमच्याकडेच. टोपल्या टेरेसवर वाढवू, खुडायच्या दिवशी खाली तुमच्यापुढे आणून ठेवू. शेंडा कुठे तोडायचा ते पोरांना तुम्ही दाखवा.

जी-२ नातू: आजी हो म्हणते. म्हणते, "शेवटची सांभाराची एक कुंडी उपटू नका. फेब्रुवारीत फुलू द्या, धने धरू द्या. पुढच्या वर्षी बाजारातून बी कशाला आणता?"

२०३ ताई: ती कुंडी माझी. आजच चिठ्ठी लावते.

१०४ वहिनी: कूलरचा टब निघाला. बारा भोकं पाडली. कोणाकडे रेती उरली आहे का?

५०१ काका: माझ्याकडे दोन घमेली आहे. घेऊन वर येतो.