१४ महिन्यांचा लॅब्राडोर कुत्रा पट्टा प्रचंड ओढतो, काय करू?

आमचा सिंबा लॅब आहे, वजन ३२ किलो. घरात एकदम गुणी, पण लिफ्टचं दार उघडलं की दुसराच कुत्रा होतो. मांजर, खारूताई, कचऱ्याची गाडी, काहीही चालतं त्याला. सोमवारी टपरीपाशी मांजर दिसलं आणि त्याने असा हिसका दिला की मी सरळ गुडघ्यावर आपटले, तळहातावर पट्ट्याचा वळ अजून आहे. आई तर आता त्याला खाली न्यायला घाबरते. एका ट्रेनरने चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालायला सांगितली होती, पहिल्याच दिवशी तो खोकायला लागला म्हणून मी काढून टाकली. कोणी दुसरा मार्ग सांगेल का?

---

चेन काढलीत ते फार बरं केलंत ताई, ओढणाऱ्या कुत्र्याच्या श्वासनळीवर त्याने थेट दाब येतो. छातीवर पुढे रिंग असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घ्या आणि पट्टा त्या पुढच्या रिंगलाच लावा, पाठीवरच्या नाही, म्हणजे त्याने ओढलं की तोच तुमच्याकडे वळतो. पण नुसत्या हार्नेसने शिकणार नाही. पट्टा ताठ झाला की जागच्या जागी थांबायचं, ओरडायचं नाही, मागे खेचायचंही नाही कारण आपण खेचलं की तो अजून जोर लावतो. पट्टा सैल झाला की लगेच चालायला लागायचं. आम्हाला पहिल्या दिवशी गेटपासून दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत जायला २० मिनिटं लागली होती, वॉचमन काका विचारायला आले काय झालं म्हणून. आणि घरात सगळ्यांनी हेच करायचं. बाबांनी एक दिवस जरी ओढू दिलं तरी त्याला कळतं की कधीकधी जमतं, मग तो सोडत नाही.

---

वरचं सगळं बरोबर, पण मांजर समोर आल्यावर शिकवायला जाऊ नका, तेव्हा त्याला तुमचं काही ऐकूच येत नसतं. अंतर वाढवा. आमच्या इंडीला (देशी कुत्रीला) दुसरा कुत्रा ३० पावलांवर असला तर चालायचं, १५ वर आला की संपलं, मग आम्ही ३० वरच सराव केला. कुत्रा दिसला की तोंडात कलेजीचा तुकडा, परत दिसला की परत तुकडा, आणि हळूहळू कुत्रा दिसला की ती आपणहून माझ्याकडे बघायला लागली. खाऊ हुंगूनही बघत नसेल तर समजा फार जवळ गेलात, सरळ रस्ता ओलांडा. कलेजी नुसत्या पाण्यात उकडायची, मीठ कांदा लसूण काही नाही, नखाएवढे तुकडे करायचे. जास्त दिली तर पोट बिघडतं आणि लॅब लगेच जाड होतात, म्हणून तेवढं जेवण कमी करा. तुकडा कायम आपल्या पँटच्या शिवणीशी धरून द्या म्हणजे त्याला तीच जागा आवडायला लागते.

---

आमच्याकडे कारवान (शिकारी जातीचा कुत्रा) आहे, लांबवर काही पळताना दिसलं की सुटलाच. याचं डोकं निमुळतं त्यामुळे साधा कॉलर मागे सरकून निघतो, तुमच्या लॅबला तो प्रश्न नाही. मी एवढंच सांगेन की हुंगू द्या! सैल पट्ट्यावर दहा पावलं चालला की "जा" म्हणून झाडाशी सोडायचं, दोन-तीन मिनिटं मनसोक्त. त्याला खाऊपेक्षा तेच बक्षीस मोठं वाटतं. आणि तो लांब होणारा, बटणाचा पट्टा असेल तर बंद करा, त्यात ओढलं की दोरी मिळते हेच तो शिकतो. साधा सहा फुटी घ्या.

---

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज बारावा दिवस. हार्नेस आणला, पहिले तीन दिवस रडकुंडीला आले होते, फक्त पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या. बटणाचाच पट्टा होता आमचा, तो बंद केला. आज टपरीपाशी तेच मांजर गाडीखाली बसलं होतं, आम्ही पलीकडच्या फुटपाथवर. सिंबा थांबला, कान ताठ, शेपटी एकदम स्थिर, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खिशातली सगळी कलेजी देऊन टाकली त्याला. आई उद्या बरोबर येते म्हणाली, पट्टा अजून माझ्याच हातात असेल.